रेवी मामाचा चमचा

गाडी बघायला निघालो तेव्हा
मामानं स्वेटरच्या खिशात एक चमचा टाकला,
लांब दांड्याचा, स्टीलचा.
मी काही विचारलं नाही. गिसबर्न तीन तासांवर,
आणि मामा घाटात बोलत नाही.

विक्रेत्याचं नाव डेव्हलिन. दात पांढरे,
सेकंडहँड डबल-कॅब त्याहून पांढरी.
"साडेतीन टन ओढते," म्हणाला,
बॉनेटवर थाप मारत, बैलाच्या पाठीवर मारतात तशी.
मामा म्हणाला, "ओढेल.
थांबेल का?"

आमची बोट ट्रेलर धरून पावणेदोन टन,
टाकी भरली, बर्फ आणि साखळदंड चढवला की दोन.
गेल्या नाताळात माझी हॅचबॅक तिला घेऊन उतारावर गेली
आणि बोटीनंच तिला ढकलत पाण्याकडे नेलं.
नाकापेक्षा मोती जड.
सगळी खाडी बघत होती. कुणी हसलं नाही,
म्हणजे घरी जाऊन हसले.

मग मामा आडवा झाला. डांबरावर, उताणा,
एकाहत्तर वर्षांचा, चांगल्या स्वेटरात,
आणि गाडीच्या पोटाखाली सरकून चमच्यानं वाजवू लागला.
टण. टण. टण.
ठप्.
"इथे मीठ आहे," खालून आवाज आला,
"वरून रंग दिलाय."
डेव्हलिनचे दात मिटले.

त्या दिवशी आम्ही सहा गाड्या वाजवल्या.
एक देखणी, पण जोर फक्त पुढच्या चाकांना;
शेवाळलेल्या रॅम्पवर ती नुसती नाचली असती.
एक इतकी शहाणी, की रिव्हर्समध्ये स्टिअरिंग स्वतःच फिरवते.
मामा तिच्याकडे बघत राहिला
नव्या जावयाकडे बघावं तसा,
नमस्कार करून पुढे गेला.

पेट्रोल पंपावर, मटणाचं पाय खाताना, मी वैतागून विचारलं,
तुला हवी तरी कशी?
त्यानं तोंड पुसलं.
"पहिला गिअर असा, की रांगतं पोरही पुढे जावं.
हँडब्रेक असा, की मी उतरून बोटीकडे गेलो
तर मागे वळून बघावं लागू नये.
मागचे दोन पाण्यात, पुढचे दोन कोरड्यात,
तरी चौघांनी एकदम जोर लावला पाहिजे."

चौघांनी, म्हणाला.
चाकांना कुणी असं म्हणत नाही.

आमच्या खाडीत रॅम्प नव्हता तेव्हा गाडीही नव्हती.
ओंडके टाकायचे, मामा नाळेशी उभा राहून हाळी द्यायचा,
आणि त्याचे चार भाऊ खांदा लावायचे.
टमाटी आता पर्थच्या खाणीत,
होने आणि एरुएरा ब्रिस्बेनला, बांधकामावर.
पिरिपी टेकडीवर, पांढऱ्या कुंपणाच्या आत.
मामाचा स्वतःचा खांदा
शर्ट घालतानाही कुरकुरतो.

शेवटी मिळाली ती एका मेंढपाळाच्या अंगणात,
ब्याण्णव सालची लँड क्रूझर, दार चेपलेलं,
आत तीन कुत्र्यांचा वास.
समुद्र तिनं कधी पाहिला नव्हता.
चमचा या टोकापासून त्या टोकापर्यंत
टण, टण, टण.
मामा खालून लवकर बाहेर आलाच नाही.
मेंढपाळ म्हणाला, झोपला की काय?

शनिवारी भरती पहाटे साडेपाचला.
स्टिअरिंग डावीकडे तर ट्रेलर उजवीकडे,
हे अजून माझ्या हाताला पटत नाही.
दोनदा वाकडी गेले. तिसऱ्यांदा
मागची चाकं काळ्या पाण्यात शिरली,
बोट किंचित उचलली गेली
आणि गाडीला तिचं वजन उरलं नाही.
"बूच लावलंस का?" मामा ओरडला.
लावलं होतं.
मी हँडब्रेक ओढला.
तो बोटीकडे गेला, मागे न बघता.

दुपारी, परतल्यावर, गोड्या पाण्यानं गाडी धुतली.
मी पाइप धरून. तो प्रत्येक चाकापाशी वाकायचा,
थोडा वेळ तसाच राहायचा.
काही पुटपुटत होता की दम लागला होता,
पाण्याच्या आवाजात कळलं नाही.

चमचा आता गाडीतच असतो,
डॅशबोर्डवर. थर्मासच्या चहात
साखर ढवळायला.