चारशे तेरापासून

त्या हिवाळ्यात लोक नावानं पुस्तक मागत नव्हते.
शटर अर्धं वर, दारात टेबल आडवं,
पलीकडून मास्कच्या आतनं म्हणायचे,
जाड काहीतरी द्या. लवकर संपणार नाही असं.

मी द्यायचो.
नवी पेठेतल्या ह्या अडीच खोल्यांत माझी एकतीस वर्षं गेली.
कुठल्या पुस्तकाला वाळवी, कुणाचा कणा निखळलाय,
कुठलं पान कुणी ब्लेडनं कापून नेलंय, सगळं पाठ.
जाडी तर मी बोटांनीच मोजतो.
आणि मिठाच्या व्यापाऱ्याच्या चार पिढ्यांची ती कादंबरी,
दोन खंड, अकराशे पानं,
छातीठोकपणे सांगायचो प्रत्येकाला,
ही घ्या. थंडी निघून जाईल.

परत आलेली पुस्तकं तीन दिवस गच्चीवर,
सांडग्यांसारखी उन्हात.
पर्वतीकडून वारा आला की
सगळी एकदम पानं उलटायची,
कुणीच वाचत नसताना.

लवाट्यांनी पहिला खंड नेला दिवाळीच्या आधी.
मार्गशीर्षात तो परत आला,
इलियासच्या रिक्षात, मागच्या सीटवर एकटाच,
सवारीसारखा.
तेव्हा इलियास माणसांपेक्षा पुस्तकंच जास्त वाहायचा.
म्हणायचा, ही खोकत नाहीत.

पान चारशे बारा. समासात शिसपेन्सिलीनं
९५
९४
९४
९१
त्याखाली कोरं.

नियम क्रमांक सात : पुस्तकावर खुणा करू नयेत.
खोडरबर माझ्या खणात असतो.
खण उघडला. बंद केला.

तिसऱ्या दिवशी एरंडवण्यातून लवाटेबाईंचा फोन.
ते पुस्तक परत पाठवा. मुलानं चुकून दिलं.
मी म्हटलं, हलकं काही देऊ का, विनोदी वगैरे?
हलकं नकोय मला.
यांचं जिथे राहिलंय तिथून वाचीन. चारशे तेरापासून.
मागचं यांनी वाचलंय ना.

मग रोज रात्री नऊला,
अहो, हा दादू तांडेल कोण?
मेलाय, की परत यायचाय?
ही तारा एवढी कुणावर चिडलीय?
आणि त्या विहिरीवर झालं तरी काय होतं,
जो तो नुसता 'त्या विहिरीवर' म्हणून गप्प बसतो.

आता खरं सांगतो.
मी ती कादंबरी कधी वाचलेली नव्हती.
एकतीस वर्षं नुसती जाडी वाचली.
पहिल्या रात्री थाप मारली, दादू म्हणजे थोरला भाऊ.
दुसऱ्या रात्री त्या म्हणाल्या,
भाऊ कसा असेल? मला तर हिचा सासरा वाटतोय.

वाळवीच्या कपाटात दुसरी प्रत होती.
पहिली वीस पानं गेलेली.
ती घेऊन बसलो, कानटोपी, दोन शाली,
पाषाणला आठ अंश म्हणे त्या रात्री.
मी चारशे पानं मागे
आणि बाई रोज पुढे पुढे.
डोळे चुरचुरायचे. दूध नासायचं गॅसवर.
कधी दादूचा नातू बुडाला म्हणून
मी पहाटे चारला
एकटाच हळहळत बसलो होतो,
आणि दुपारी टेबलाशी आलेल्या माणसाला
जाड द्यावं की नाही, ठरवता येईना.

संक्रांतीच्या सुमाराला त्यांना गाठलं.
विहिरीचं मात्र कुठेच नव्हतं.
म्हणजे त्या वीस पानांत असणार.
फोनवर म्हटलं,
माझी पानं गेलीत, पण तुमच्या प्रतीत आहेत की.
मागे उलटून बघा, अगदी सुरुवातीला.

बराच वेळ नुसती खरखर.
नको, म्हणाल्या.
ते यांना माहीत आहे.

मग एकदम,
दुसरा खंड उद्या इलियासकडे द्या.
आणि तुमचा आवाज बसलाय. मोजताय ना?

मी बोट चिमट्यात घातलं.
आकडा स्थिरावेपर्यंत दोघंही थांबलो.
सत्त्याण्णव.
बरं, म्हणाल्या, लिहून ठेवा.

कुठे, ते मी विचारलं नाही.