आठ इंचाला एक सूत कमी

हेंद्रेकाकांनी पृथ्वीचा गोल मागवला माझ्याकडून.
जरीमरीत त्यांचं शिलाईचं दुकान,
वरून विमान गेलं की कात्री थरथरते.

मी सहारला रात्रपाळीत उड्डाणांचे आराखडे करतो,
इंधन, वारा, वजन,
म्हणून मलाच विचारलं : न्यूयॉर्क किती लांब?
साडेबारा हजार किलोमीटर, म्हटलं. सोळा तास.
आकड्यांवर त्यांचा भरवसा नाही.
गळ्यातली टेप काढली, मुंबईवर अंगठा दाबला
आणि निघाले सरळ पश्चिमेला, अरबस्तानातून.

मी टेप वर सरकवली :
कास्पियन, फिनलंड, ग्रीनलंडचा बर्फ.
असं वाकड्यातून?
गोलावर वाकडंच जवळचं, काका.
"खांद्यासारखं," म्हणाले. "तिथं टेप सरळ धरली
की बाही चुकलीच."

वही काढली. नलूच्या मापांचं पान,
छाती, कंबर, उंची, सगळं लग्नाआधीचं.
खाली लिहिलं : आठ इंचाला एक सूत कमी.

आणि परत येताना?
अंतर तेच. पण वारा पाठीमागून,
दीडेक तास वाचतो.
पेन्सिल कानावर ठेवून
ते गोल फिरवत बसले.
"म्हणजे यायला सोपं."

मी चहा संपवला. ड्यूटी होती.

जरीमरीवरून जातात ती बहुतेक उतरणारी विमानं;
निघणारी पलीकडून, जुहूच्या अंगानं.
हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही.
पण चाकं बाहेर काढलेलं ते पोट
पत्र्यावर आलं की
काका पायटा थांबवतात,
सुई कापडातच ठेवून.