काना

दर अमावास्येच्या आदल्या शनिवारी
शहापुरात तुळसाक्का पटवेकरांच्या माडीवर
आम्ही सातआठ जणी जमतो.
खाली दुकान. गोंडे, करगोटे, पोत ओवून मिळेल.
वर सतरंजी, चार पितळी वाट्या
आणि तुळसाक्काची अट.

अट दर खेपेला नवी.
मागे म्हणाली होती, पिवळा वापरायचा नाही.
त्याच्या आधी, डोळे मिटून ओवा.
(फिलोमिननं तेव्हा स्वतःचाच अंगठा ओवला.)
या वेळी म्हणाली,
"एक मणी विकत आणायचा नाही.
घरातलं उसवा.
उसवल्याबगर हात शहाणा होत नाही."

पंधरा दिवस मी घरभर हिंडले.
टीव्हीवरचा मण्यांचा रुमाल उंदरांनी नेलेला,
पोपट शेजारच्या पोरानं,
आईची पोत मागायची सोय नाही.
उरलं दारावरचं तोरण,
सुंदरात्यानं केलेलं, पांढऱ्यावर लाल,
सुस्वागतम्.

स्टुलावर चढून काढलं, मांडीवर घेतलं,
कात्री लावणार तेवढ्यात वाचलं.
म्हणजे पहिल्यांदाच वाचलं.
व च्या शेजारी काना नव्हता.
तिथं नुसतं पांढरं.

एकतीस वर्षं
हुक्केरीचे पाहुणे, खानापूरचे मामा,
मीटर बघणारा, मतं मागणारे दोन्हीकडचे,
याच्याखालून वाकून आत आले
आणि आपलं स्वागत झालं समजून
चहा पिऊन गेले.
सुस्वगतम्.

आत्या कमी बोलायची.
ओवताना मात्र ओठ हलायचे.
आम्हाला वाटायचं, मोजते आहे.

अस्तराची कड उसवली तर आत पुरचुंडी.
लाल मणी. अकरा.
तिच्या हातचा काना एकोणीस मण्यांचा,
शेवटच्या स्वाक्षरीसारखा ताठ,
तो ग ला होता कुठं, त ला होता कुठं,
मी मोजायला दुसरीकडची दांडी घेतली.
कमी पडले म्हणून थांबली
की थांबली म्हणून उरले,
अकरा मण्यांवरून कळत नाही.
लाल मणी बाजारात तेव्हाही मिळत होते.

"काय उसवालीस गं?" आई.
"काही नाही."

रात्री म च्या पायातली तिरकी रेघ काढली.
मोडका पाय, आठ मणी.
अकरा आणि आठ.
सरळ ओवले, खाली गाठ, वर आकडा.
बाकी तोरण पुन्हा खिळ्याला.

शनिवारी निंगव्वानं तो दिव्याशी धरला.
वडगावला मागावर बसते ती, नजर बारीक.
"काय हे?"
"काना."
"आमच्या साळंत ह्येला इळी म्हणायचे.
पण आमची अशी सरळ नसती, वळण घेती."
"इळी म्हणजे?"
"उतर. कंडक्टर नाही का ओरडत?"

तुळसाक्कानं चष्मा कपाळावर सरकवला,
मणी मोजले, उलटं धरून पुन्हा मोजले.
"जोड कुठाय?"
"एवढेच होते."
"मग कानात कशाला, वहीत घाल,"
असं म्हणून रेशमाची लडी फिलोमिनला दिली.
तिनं आईच्या लग्नातल्या पर्सचा पट्टा केला होता.
देखणा होता, खोटं का बोलू.

पुढची अट: गाठ दिसता कामा नये.

परतताना एक कान जड, एक रिकामा.
दुसऱ्या गेटला मालगाडी,
ती संपेपर्यंत चार नमुने सुचले,
चारही अक्षरं चुकलेले.
एक तर नुसताच उकार,
ज्याला वर बसायला कोणी नाही.
हातात सुई नव्हती म्हणून
पिशवीच्या बंदावर बोटानं ओवत राहिले.

दाराशी आले, तोरणाखाली थांबले.
काना हलत होता,
म चा पाय नव्हता, म तरीही उभा होता.
मी आत्याला काहीतरी सांगितलं,
फार नाही, मण्यांच्या भावाबद्दल.

आतून आई:
"कुणाशी बोलालीस गं?"