एकशे बारा ते एकशे अठरा

नाग नदीच्या काठचा चिखल होता तो,
रंगाऱ्यांचे पाणी जिथे नाल्यातून उतरते,
सोमवारी जांभळे, मंगळवारी मेहंदी.
त्यात एक जिवाणू रंग खाऊन राहत होता.
मला हवे होते त्याचे दात.

दात म्हणजे एन्झाइम.
दोन वर्षे गाळले, धुतले,
काचेच्या झाकणाला उलटा थेंब लटकवून बसले.
थेंबात नुसती साय धरे.

मे महिन्यात वीज गेली.
बाहेर सेहेचाळीस, पेटीत वीसच हवे.
नंदनवारकाका गोळीबार चौकातून
सायकलवर बर्फ घेऊन आले,
गोणपाटातला अर्धा वाटेतच वितळलेला.
पेटीभोवती रचता रचता म्हणाले,
"लेकरू हाय का आत?"

नवव्या दिवशी भिंगाखाली पिवळा स्फटिक,
खसखशीच्या दाण्याहून लहान,
कोणी न रंगवता पिवळा.

तो इंदूरला गेला, द्रव नायट्रोजनात बुडून.
क्ष-किरण त्याच्यातून गेले, ठिपके होऊन बाहेर पडले.
ठिपक्यांचे गणित झाले,
गणिताचा, पावसाळा संपता संपता, आकार.

पडद्यावर मधोमध पाच पट्टे,
आजूबाजूला मळसूत्रे,
आणि दोन जुळ्यांच्या सांध्यात तो पिवळेपणा बसलेला.
काका पोछा टेकवून उभे राहिले.
पाचपावलीतला त्यांचा माग विकून पंधरा वर्षे झालीत.
ओले बोट काचेवर फिरले:
"हा ताणा. हा बाणा. बरं विणलं बावा."
मग बोट थांबले.
"इथं धागा काहून तुटला?"

तुटला नाही काका.
एकशे बारा ते एकशे अठरा, सात मणी.
रंग आत घ्यायला ते दार उघडतात, लावतात.
सारखे हलतात, म्हणून किरणांना सापडत नाहीत.

"असं म्हण ना मंग, धोटा हाय तो.
चालता धोटा कोणाले दिसला?
लुगडं दिसते."

मी तक्त्यात लिहिले,
एकशे बारा ते एकशे अठरा: आढळले नाहीत.
मॅडम म्हणाल्या, वाक्य बरोबर आहे.
बरोबरच होते.

काका तोवर टेबल पुसू लागले होते.
फडका डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे,
आणि प्रत्येक टोकाला मनगटाला एक बारीक हिसका,
या हाताने त्या हाताकडे
काही फेकल्यासारखा.