मुठीचं माप

साडेचारला चोइथराम मंडीत
कोथिंबिरीच्या जुड्यांतून अजून शेताची थंडी निघत असते.
गेंदालाल लोडिंग मागे घेतो,
मी वहीत लिहिते : गिलकी दहा किलो, बटला वीस.
मेथी मोजत नाही, नाकानं निवडते.

मग बायपास ओलांडून मल्ट्यांकडे.
नदीकाठची वस्ती उठली तेव्हा
माणसांना इथे खोल्या मिळाल्या, चाव्या मिळाल्या.
भाजीबाजार जुन्या पत्त्यावरच राहिला.

खाली एकच दुकान.
दोरीला लटकलेली वेफर्सची पाकिटं,
पाच रुपयांत वाऱ्यानं फुगलेली,
आणि बटाटे, डोळे फुटलेले,
आमच्याकडे बघणारे.

पहिल्या आठवड्यात कुणी उतरलंच नाही.
ताजी भाजी महाग असणार
हे त्यांना न विचारता ठाऊक होतं.
गेंदालाल भोंग्यातून ओरडायचा,
‘पालक ले लो भिया, पालक’,
आणि रात्री तो पालक आमच्याच ताटात.
शेवटी सुनेनं पालकाला हात जोडले.

मग बाया आल्या, पाच-पाच रुपये घेऊन.
दोन टमाटे. एक गाजर, पोरापुरतं.
मूठभर मेथी : ‘इतनीच, फ्रिज नी हे.’
माझा काटा बॅटरीवरचा, नवा.
मेथी ठेवली, शून्य.
उचलून पुन्हा ठेवली,
शून्य.
ती बाई त्या आकड्याकडे बघत राहिली,
तिलाच तोललं असावं तशी.

त्या दिवसापासून काटा सीटखाली.
माझी मूठ हेच माप,
आणि मूठ जरा सैल ठेवायची.

लिफ्ट कागदावर आहे.
चौथ्या मजल्यावरच्या धापूबाईचे गुडघे गेलेले,
ती दोरीनं टोपली सोडते.
तळाशी नाणी, आणि टोपलीच्या आधी
खाली पोचणारा तिचा आवाज :
‘गिलकी कँवली दीजो, मराठण!’
मी नखानं टोचून दाखवते.
एवढ्या उंचावरून तिला काय दिसणार,
पण दाखवते.

वहीत नफा दिसत नाही.
गेल्या बुधवारचं डिझेल माझ्या पेन्शनमधून गेलं.
गेंदालाल म्हणतो, पलासियात लावू ना गाडी,
तिथले लोक भाव न विचारता घेतात.
उद्या बघू, मी म्हणते, वही मिटते.
सात महिने हेच म्हणतेय.

आज टोपली भरून खाली आली,
हळू, थांबत थांबत, भिंतीला घासत.
आत नाणी नव्हती.
पुदिना होता.
मुलाच्या रंगकामाच्या रिकाम्या डब्यात
गॅलरीत वाढवलेला, ओला,
एका देठावर निळ्या रंगाचा शिंतोडा.

सवयीनं हात सीटखाली गेला, काट्याकडे.
मागे घेतला.
एक मूठ, दोन, तिसरी जरा कमी.
‘पंधरा लावू का?’ मी मान वर करून ओरडले.

धापूबाई कठड्यावरून अर्धी बाहेर वाकली,
आणि रोज मी जे ओरडते
ते माझंच वाक्य, माळवीत,
चार मजले उतरून माझ्या अंगावर आलं :
‘बीस! ताजो हे, अबार तोड्यो!’