प्लास्टरचा ठसा

रविवारी अकराला क्लबहाउसमध्ये
वनखात्याच्या जयवंती वरठा आल्या,
स्टीलच्या डब्यात, रुमालात गुंडाळलेला
प्लास्टरचा ठसा घेऊन.

आम्ही तयारीतच होतो.
सी विंगच्या कॅमेऱ्यातली एकोणीस सेकंदं
प्रत्येकाच्या फोनवर होती.
दिवेकरांनी बसायच्या आधीच विचारलं,
पिंजरा कधी लावताय?

त्या म्हणाल्या, आधी हा हातात घ्या.

ठसा रांगेतून फिरला, आरतीच्या ताटासारखा.
चार बोटं, मागे गादी. नखं नाहीत.
नखं आत ओढून चालतो तो,
झोपलेल्या घरातून चपला हातात घेऊन जावं तसा.
परांजप्यांच्या इराची मूठ त्यात नेमकी बसली.

मग भिंतीवर जुना नकाशा.
प्रोजेक्टर दोनदा बंद पडला.
येऊरच्या उतारावरून एक निळी रेघ
आणि ती संपते तिथे बारीक अक्षरात: पाणवठा.
कुणीतरी हळूच म्हणालं,
अरे, हा तर आपला स्विमिंग पूल.

एकोणीस सेकंदं पुन्हा पाहिली.
तो गेटकडे बघत नाही, कुत्र्याकडेही नाही.
सरळ येतो, वाकतो,
क्लोरीन हुंगतो
आणि तहानलेलाच वळतो.

यानंतर सगळे गप्प झाले, असं लिहायला आवडलं असतं.
दिवेकरांनी पिंजऱ्याचं परत विचारलंच.
बाई म्हणाल्या, याला नेलंत तर दुसरा येईल,
वाट न ठाऊक असलेला.
कचरा झाका. अंधारात पोरांना एकटं सोडू नका.

रात्री इतिवृत्त लिहायला बसलो.
विषय चौथा: स्विमिंग पूलची देखभाल.
पेन तिथेच अडलं.
खोडलं, आणि वर बारीक अक्षरात
जुनं नाव लिहिलं.