पडताळा

गिरणी बंद झाली त्या वर्षी लिलावात
चाळीस युरोंना घेतलेला हा कॉम्प्युटर.
पाठीवर अजून लेबल आहे: आरेखन विभाग, सतरा.
राइया लेहतोलानं ते खरवडलेलं नाही.

बाहेर उणे सव्वीस. केमीच्या आखातावर बर्फ इतका जाड
की लोक त्यावर मोटार उभी करून मासे धरतात.
आणि ही बाई स्वयंपाकघराची खिडकी
दोन बोटं उघडी ठेवते, मुद्दाम.
अंगात कोट, पायांत नमद्याचे बूट,
मांडीवर स्क्रू ड्रायव्हर.

यंत्र रात्रभर परक्याचं गणित सोडवतं:
एका मेलेल्या ताऱ्याचा ठोका
खरखरीतून वेगळा काढायचा.
पगार नाही. गुण मिळतात,
त्या गुणांचं कुणी अर्धा लिटर दूधही देत नाही.
बहीण हेल्वी फोनवर विचारते, मग कशाला गं?
राइया म्हणते, बसून राहिलेलं यंत्र
मला बघवत नाही.

झाकण काढलं तेव्हा आत गिरणीच होती,
पंख्याच्या पात्यांवर कागदाचा पांढरा भुसा,
त्यात आता मांजराचे केस.
ब्रशनं झाडलं. वाळलेला लेप पुसून
नवा लावला, करडा, वाटाण्याएवढा ठिपका.
मग निळ्या पडद्यावरच्या आकड्यांत शिरून
वेग वाढवत गेली.
तीन पॉइंट सहा. तीन पॉइंट नऊ. चार.
दर खेपेला विजेचा आणखी एक घोट.
चार पॉइंट दोनला पंख्याचा सूर फाटला,
तळहाताला ते कळलं,
पण आकडा देखणा होता.

तिनं ऐकायला हवं होतं. तिनं तरी.
एकतीस वर्षं दोन नंबरच्या मशीनवर काढलेली,
मिनिटाला तेराशे मीटर ओला कागद डोळ्यांसमोरून.
साहेब म्हणायचे, अजून पन्नास वाढव.
ती नुसता कान द्यायची आणि सांगायची, तुटेल.
तुटायचाच.
मग गुडघाभर लगदा, शिव्या, सगळी पाळी धावतेय.

पण कागद तुटला की दिसतो.
हा तुटला आणि मांजरानं कानसुद्धा हलवला नाही.
सकाळी यादीत एकशे बारा कामं,
आजवर झाली नव्हती इतकी,
आणि त्यांतल्या एकोणीसांपुढे एकच शब्द:
अग्राह्य.

तेच गणित आणखी एकाला दिलेलं असतं.
कोण, कुठल्या देशात, कळत नाही.
नुसता आठ आकडी क्रमांक, एक मठ्ठ जुनं यंत्र,
हिच्या दुप्पट वेळ घेणारं.
दोघांचं जुळलं नाही तर तिसऱ्याला विचारतात.
तिसरा त्या मठ्ठाच्या बाजूनं बोलला.
चौकशीला जागाच नव्हती.
कुठंतरी नव्वद अंशांच्या धगीत
एका शून्याचा एक झाला होता.

तिनं कॉफी ओतली. तशीच निवली.
तिच्या सहीनं आजवर
एकही खराब रीळ दाराबाहेर गेलं नव्हतं.

संध्याकाळी पुन्हा निळा पडदा.
चार पॉइंट एक. डोळे मिटून पंख्याला कान. नाही.
चार. थोडं थांबून, नाही.
तीन पॉइंट नऊ.
हां.

हेल्वी म्हणाली, आवाज का असा तुझा?
राइया म्हणाली, खिडकीत बसलेय, सर्दी असेल.

परवा पहाटे त्याच क्रमांकाशी पुन्हा गाठ पडली.
उत्तर जुळलं, शेवटच्या आकड्यापर्यंत.
ड्रॉवरमध्ये पाळीची कोरी वही होती,
गिरणीतून आणलेली, विचारून नव्हे.
तिनं तारीख घातली. वेळ, सहा चाळीस.
जोडीदाराच्या रकान्यात
ते आठ आकडे सावकाश लिहिले,
आणि शेऱ्याच्या जागी, सवयीनं:
कागद अखंड.